तिसरा एडिटर बसला की टाइमलाइन का अडते?

वाचकांचे प्रश्न : शेअर्ड स्टोरेज आणि नेटवर्क

पुण्यातल्या एडिट रूममधून या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतात : सगळ्यांनी मिळून वापरायचं स्टोरेज आणि त्याच्यापर्यंत जाणारी वायर. उत्तरांआधी एक खुलासा. कोडेक (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत) आणि नेटवर्कचे आकडे मेगाबिटमध्ये सांगतात, डिस्कचे मेगाबाइटमध्ये. आठ मेगाबिट म्हणजे एक मेगाबाइट. कोटेशनमध्ये ही दोन्ही सर्रास एकमेकांच्या जागी लिहिलेली दिसतात, तेव्हा आकड्यापुढे नेमकं काय आहे ते विचारून घ्या.

कोथरूडमध्ये आमची तीन मशीनची एडिट रूम आहे. चार डिस्कचा नॅस (नेटवर्कवरून सगळ्यांना उघडता येणारी डिस्कची पेटी), १ गिगाबिटचा स्विच. काम यूएचडी (३८४० बाय २१६०), सेकंदाला २५ फ्रेम, कोडेक प्रोरेस ४२२ एचक्यू. एक जण काम करत असेल तर सगळं सुरळीत चालतं. दुसरा बसला की अडखळतं, तिसरा बसला की फ्रेम ड्रॉप व्हायला लागतात. विक्रेता म्हणतो, १०जी (१० गिगाबिटचा) स्विच घ्या. घ्यावा का?

घ्यावा लागेल, पण आजच नाही. आणि नुसता स्विच घेऊन भागणारही नाही.

आधी हिशेब करू. यूएचडी २५ फ्रेमला प्रोरेस ४२२ एचक्यूचा दर ७३७ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला साधारण ९२ मेगाबाइट. १ गिगाबिटच्या वायरमधून प्रत्यक्षात ११० ते ११५ मेगाबाइट जातात. म्हणजे एक स्ट्रीम (चालू असलेली एक क्लिप) जेमतेम मावते आणि दुसरीला जागाच उरत नाही. एकाच एडिटरने दोन लेयर एकमेकांवर ठेवले तरी हेच होणार. डिझॉल्व्हपाशी नेमकं अडखळतं ते याचमुळे, कारण तेवढ्या वेळापुरत्या दोन क्लिप एकदम वाचल्या जातात.

आता १०जी घेतलं असं समजा. वायर हजारेक मेगाबाइट वाहून नेईल, पण चार डिस्क तेवढं देतील का? ७२०० आरपीएमची आजची मोठी डिस्क सलग वाचताना २०० ते २५० मेगाबाइट देते. रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधणं; रेड ५ मध्ये एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो, म्हणून चारांपैकी तीन डिस्कइतका डेटा, म्हणजे कागदावर ६०० ते ७५०. मात्र हे एकाच माणसाने एकच मोठी फाइल सलग वाचली तर. तिघांनी दोन-दोन स्ट्रीम चालवल्या की सहा वेगळ्या फाइली झाल्या, आणि डिस्कचं हेड या सहा जागांमध्ये सतत उड्या मारू लागतं. एका उडीत हेड जागेवर जायला सुमारे ८ मिलिसेकंद आणि प्लॅटर फिरून हवी ती जागा खाली यायला सरासरी ४ मिलिसेकंद जातात. या १२ मिलिसेकंदांत त्याच डिस्कने अडीच मेगाबाइट वाचून दिले असते. म्हणून चार डिस्कच्या नॅसला १०जी लावूनही तिसऱ्या मशीनवर फ्रेम ड्रॉप होत राहतात आणि मग स्विचला दोष दिला जातो. तुमची गरज सहा स्ट्रीमची, म्हणजे साडेपाचशे मेगाबाइटची. त्यासाठी रेड ६ मधल्या (दोन डिस्क गेल्या तरी डेटा वाचतो) आठ डिस्क ही आमच्या मते किमान पातळी आहे.

नॅसमध्ये एसएसडी कॅश घालून हे भागेल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. कॅशला पुन्हा पुन्हा लागणारे छोटे तुकडे आवडतात. दिवसभरात एकदा सलग वाचायच्या दोनशे जीबीच्या फुटेजला तिचा उपयोग नगण्य.

खर्चाआधी मात्र प्रॉक्सी (मूळ फुटेजच्या हलक्या प्रती) करून पाहा. १०८० मधली प्रोरेस प्रॉक्सी २५ फ्रेमला ३८ मेगाबिट घेते. चार कॅमेऱ्यांचा मल्टिकॅम एकत्र चालवला तरी १९ मेगाबाइट, आणि तिघांचे मिळून ५७. म्हणजे तुमचा आजचा १ गिगाबिटचा स्विच अजून अर्धा रिकामा. रात्री एका मशीनवर प्रॉक्सी बनवायला लावा, सकाळी जोडा. प्रॉक्सीचा फ्रेम रेट, टाइमकोड आणि ऑडिओ चॅनेलची संख्या मूळ फाइलइतकीच ठेवा. चॅनेल कमीजास्त झाले तर प्रीमिअर हे एडिटिंग सॉफ्टवेअर प्रॉक्सी जोडून घेत नाही. ऑनलाइन (मूळ फुटेजवर शेवटची जुळणी) आणि ग्रेडिंगच्या (रंग ठरवण्याच्या) वेळी एकच मशीन मूळ फुटेजवर काम करतं, ते आजच्या वायरवरही निभेल, डिझॉल्व्हपाशी अडखळलं तरी.

आणखी एक. फुटेज एच.२६४ किंवा एच.२६५ चं असेल आणि अडखळत असेल तर स्टोरेजकडे बोट दाखवण्याआधी सीपीयूचा मीटर उघडून बघा. हे कोडेक वायरला हलके आणि प्रोसेसरला जड असतात.

कर्वेनगरातल्या स्टुडिओत आम्ही १०जी स्विच, कार्डं, केबल सगळं नवं घेतलं. तरी स्पीड टेस्टमध्ये ११० मेगाबाइटच दिसतात. एका मशीनवर ३०० येतात. दोष कुठे शोधायचा?

११० हा आकडाच सांगतो की तुमचा डेटा अजून १ गिगाबिटच्या वाटेने जातोय. ३०० वाल्या मशीनची गोष्ट वेगळी आहे. दोन्ही एकदम शोधायला जाऊ नका.

पहिलं मशीन घ्या. नॅसला बहुधा दोन प्रकारचे पोर्ट असतील, जुने १ गिगाबिटचे आणि नवा १०जी. दोन्ही स्विचला जोडलेले असतील आणि दोघांचे आयपी पत्ते एकाच मालिकेतले असतील, तर मशीन कुठल्या दाराने आत जाईल ते तुमच्या हातात राहत नाही. फाइंडरच्या बाजूच्या पट्टीत नॅसच्या नावावर क्लिक करून आत गेलात की मॅक कधी कधी वाय-फायनेही जातो. उपाय सोपा : १०जी पोर्टना वेगळी मालिका द्या, समजा १०.१०.१०.१ पासून पुढे, आणि शेअर उघडताना नावाऐवजी हा पत्ता टाइप करा. इंटरनेट जुन्या पोर्टवरून चालू राहू दे.

तरीही ११० च येत असतील तर लिंक किती वेगाने जुळली आहे ते बघा. मॅकवर नेटवर्क सेटिंगमधल्या हार्डवेअर टॅबमध्ये, विंडोजवर अडॅप्टरच्या स्टेटसमध्ये हे दिसतं. तिथे १ गिगाबिट दिसलं की संशय केबलवर. १०जीसाठी कॅट ६ ची केबल जास्तीत जास्त ५५ मीटर, तीही आजूबाजूला केबलचा गठ्ठा नसेल तर. कॅट ६ए असेल तर १०० मीटर. तपकीर गल्लीत स्वस्तात मिळणाऱ्या काही केबलवर कॅट ६ छापलेलं असतं, पण आत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. टोक सोलून तार ब्लेडने खरवडा : आतून पांढरी चकाकी दिसली तर ती केबल सीसीटीव्हीच्या कामालाही लावू नका. रॅकच्या आतल्या आत तीन मीटरपर्यंत डॅक केबल (दोन्ही टोकांना प्लग बसवूनच येणारी तांब्याची) सगळ्यात बिनभानगडीची. मजला ओलांडायचा असेल तर ओएम३ फायबर, ३०० मीटरपर्यंत चालतं.

आता ३०० वालं मशीन. इथे लिंक जुळली आहे, गळती दुसरीकडे आहे. आयपर्फ३ हे फुकट साधन दोन्ही टोकांना चालवा. ते डिस्कला हात न लावता नुसती वायर मोजतं. ९.४ गिगाबिटच्या आसपास आलं तर वायर निर्दोष. तसं नसेल तर कार्ड कुठल्या स्लॉटमध्ये बसवलंय ते बघा. दुसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसची एक लेन ५०० मेगाबाइटच्या वर जातच नाही, आणि मदरबोर्डवर लांबट दिसणाऱ्या स्लॉटला आतून एकच लेन असणं फार साधी गोष्ट आहे. वायर निर्दोष निघाली तर उरतात डिस्क आणि एसएमबी (नेटवर्कवरून फाइल उघडण्याची पद्धत). एसएमबीचं सायनिंग चालू असेल तर डेटाच्या प्रत्येक पाकिटावर सही करण्यात नॅसचा छोटा प्रोसेसर दमतो. एडिटचं नेटवर्क बाहेरच्या जगापासून खरोखर वेगळं असेल तरच ते बंद करा.

जम्बो फ्रेम, म्हणजे नेटवर्कवरून जाणारं डेटाचं मोठं पाकीट, सगळ्यात शेवटी. मशीन, स्विच आणि नॅस या तिन्ही ठिकाणी पाकिटाचा आकार ९००० बाइट असेल तरच तिचा फायदा. एका ठिकाणी १५०० राहिलं तर लक्षणं मोठी फसवी असतात : शेअर उघडतो, फोल्डरची नावं दिसतात, छोटी टेक्स्ट फाइलही उघडते, आणि मोठी क्लिप कॉपी करायला घेतली की पट्टी शून्यावर थबकते. तपासायचं असं : ८९७२ बाइटचं पिंग पाठवा आणि त्याचे तुकडे करायला मनाई करा. मॅकवर त्यासाठी मोठा डी आणि छोटा एस, विंडोजवर एफ आणि एल हे पर्याय आहेत. २० बाइट आयपीचे, ८ पिंगचे, मिळून ९०००. उत्तर आलं तर वाट मोकळी आहे. नाही आलं तर तिन्ही ठिकाणी परत १५०० करा आणि कामाला लागा. १०जीवर जम्बोने पडणारा फरक एवढा मोठा नसतो की त्यासाठी डिलिव्हरीची रात्र वाया घालवावी.

नॅसला १ गिगाबिटचे चार पोर्ट आहेत. चारही स्विचला जोडून लिंक ॲग्रिगेशन (अनेक वायर एकत्र बांधणं) केलं, तर एडिटरला चौपट वेग मिळेल का?

एका एडिटरला नाही. ॲग्रिगेशनचा नियम, एलएसीपी, एक जोडणी एकाच वायरवर ठेवतो, त्यामुळे प्रत्येकाला कमाल ११० मेगाबाइटच. चार एडिटर असतील तर ते चार वायरवर विभागले जाण्याची शक्यता असते. शक्यताच, कारण वाटणी पत्त्यांच्या गणितावर होते आणि दोघे एकाच वायरवर येऊन बसू शकतात. एसएमबी मल्टिचॅनेल खरोखर बेरीज करतं, पण त्यासाठी एडिटरच्या मशीनलाही तेवढे पोर्ट हवेत. इतक्या खटाटोपापेक्षा एक १०जी वायर बरी.

आम्ही डीआय (चित्रपटाचं डिजिटल रंगकाम) आणि व्हीएफएक्सचं काम घेतो, ४के डीपीएक्स (प्रत्येक फ्रेमची वेगळी फाइल). दोन ग्रेडिंग स्वीट (खोल्या) आहेत. फायबर चॅनेलचं सॅन (स्टोरेजचं वेगळं नेटवर्क) घ्यावं की २५जी इथरनेट? – बाणेर

४०९६ बाय २१६० ची १० बिट डीपीएक्स फ्रेम सुमारे ३५ मेगाबाइटची असते. २४ फ्रेमला सेकंदाला ८५० मेगाबाइट. दोन स्वीट एकाच वेळी चालले की १७००. दीड तासाच्या चित्रपटाच्या १,२९,६०० फाइली होतात आणि एकूण वजन साडेचार टीबीच्या वर. १६ बिट ईएक्सआर (तसलाच दुसरा फाइल प्रकार) विनाकॉम्प्रेशन घेतली तर फ्रेम ५३ मेगाबाइटवर जाते. हे आकडे आधी मांडले, कारण इथे बॅंडविड्थपेक्षा फाइलींची संख्या जास्त छळते. प्रत्येक फ्रेमसाठी फाइल शोधा, उघडा, वाचा, बंद करा, आणि हे सगळं ४१ मिलिसेकंदांत. नॅसवर प्रत्येक फाइल उघडताना सर्व्हरशी दोन-चार प्रश्नोत्तरं होतात. दोन हजार मेगाबाइटचा सलग वेग दाखवणारा नॅस याच कारणाने डीपीएक्सवर अडखळलेला दिसतो. म्हणून स्टोरेज घेताना विक्रेत्याला एका मोठ्या फाइलची चाचणी दाखवू देऊ नका. आजा (AJA) कंपनीच्या सिस्टिम टेस्ट या साधनात प्रत्येक फ्रेमची वेगळी फाइल करण्याचा पर्याय आहे, तो लावायला सांगा आणि सरासरीऐवजी सगळ्यात मंद फ्रेमचा आलेख बघा. सरासरी उत्तम असून प्रत्येक चाळिसावी फ्रेम उशिरा येत असेल तर कलरिस्टच्या दृष्टीने ते स्टोरेज नापास.

सॅनमध्ये मशीनला डिस्कचे ब्लॉक थेट दिसतात. कुठली फाइल कुठल्या ब्लॉकवर आहे एवढंच मेटाडेटा कंट्रोलर एका वेगळ्या इथरनेटवरून सांगतो. ॲपलचं एक्ससॅन, क्वांटमचं स्टोअरनेक्स्ट हे या घराण्यातले. १६ गिगाबिट फायबर चॅनेलवर १६०० मेगाबाइट मिळतात आणि ते अगदी एकसारखे मिळतात, हा त्याचा खरा गुण. दोष असा की प्रत्येक मशीनला वेगळं कार्ड, वेगळा स्विच, क्लायंटचं लायसन्स, आणि मेटाडेटा कंट्रोलर बंद पडला की सगळं ठप्प. शिवाय ते सांभाळणारा माणूस पुण्यात सहज मिळत नाही.

दोनच स्वीट असतील तर आमचं मत २५जी इथरनेटच्या बाजूने : एसएसडीचा नॅस आणि दोन ग्रेडिंग मशीनना थेट २५जी. त्यात प्रत्येक स्वीटमध्ये स्थानिक एनव्हीएमईवर (मशीनमधल्याच वेगवान एसएसडीवर) चालू रील उतरवून घेण्याची सवय लावा. साडेचार टीबीतली एक वीस मिनिटांची रील एक टीबीची असते, १०जीवरूनही वीसेक मिनिटांत येते. पाच-सहा स्वीट, डस्ट बस्टिंग (चित्रातली धूळ पुसणं) आणि रेंडर फार्म एकाच साठ्यावर असेल तेव्हाच सॅनचा विचार करा. न्यूजरूम किंवा मालिकांचं काम ॲव्हिड या एडिटिंग सॉफ्टवेअरवर असेल तर त्यांचं नेक्सिस स्टोरेज हा तिसरा रस्ता आहे. तिथे तुम्ही बिन लॉकिंगच्या (एकाने उघडलेलं क्लिपचं फोल्डर दुसऱ्याला बदलता न येणं) सोयीचे पैसे मोजता, आणि दहा-बारा एडिटर असतील तर ते वसूल होतात.

एक डिस्क गेली, नवी घातली. दोन दिवस झाले, रिबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा उभारणं) चालूच आहे आणि सगळे एडिटर हैराण. हे नॉर्मल आहे का? स्टोरेज ९२ टक्के भरलेलं आहे.

नॉर्मल आहे. १६ टीबीची डिस्क २०० मेगाबाइटने सलग लिहिली तरी २२ तास लागतात. वर एडिटरांची वर्दळ असेल तर दोन-तीन दिवस जाणं साहजिक. रिबिल्डची प्रायॉरिटी नॅसमध्ये बदलता येते : दिवसा कमी ठेवा, रात्री पूर्ण. सहा दिवस लागत असतील तर मात्र नवी डिस्क एसएमआर जातीची नाही ना, ते मॉडेल नंबरवरून तपासा. या डिस्कमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. रिबिल्डमध्ये ती मान टाकते आणि नॅस तिला बाद ठरवतो. रेडसाठी सीएमआर, म्हणजे ट्रॅक सुटे असलेली, डिस्कच घ्यायची.

या काळात सगळ्यात जास्त घोर असतो तो रेड ५ वाल्यांना. उरलेल्या सगळ्या डिस्क टोकापासून टोकापर्यंत वाचल्या जातात आणि वर्षभर कोणी हात न लावलेल्या कोपऱ्यातला खराब सेक्टर नेमका आता सापडतो. महिन्यातून एकदा स्क्रब (सगळ्या डिस्कची आपोआप तपासणी) लावलेलं असेल तर तो आधीच कळला असता. आठ डिस्क असतील तर रेड ६, आणि त्याच मॉडेलची एक डिस्क कपाटात तयार ठेवा. बाजारात ती ऐन वेळी मिळेलच असं नाही.

९२ टक्क्यांचं म्हणाल तर तो वेगळा आजार आहे. डिस्क बाहेरच्या कडेकडून आत भरत जाते आणि आतल्या ट्रॅकवर वेग बाहेरच्या निम्म्यावर येतो. त्यात झेडएफएससारख्या फाइली साठवण्याच्या पद्धतीत रिकामी जागा तुकड्यातुकड्यांत उरली की लिहिणं मंदावतं. ८० टक्क्यांना भरलं असं समजून जुने प्रोजेक्ट खाली उतरवा. आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून डिलीट केलेलं फोल्डर आठही डिस्कवरून एकाच क्षणी डिलीट होतं. निदान दिवसाचे स्नॅपशॉट (फाइली त्या वेळी जशा होत्या त्याची नोंद) चालू करा, रॅन्समवेअर आलं तर तेच कामी येतात.

सिंहगड रोडला आमचा स्टुडिओ आहे. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते ते माहीत असतं, पण मध्येच झटके येतात तेव्हा नॅस रीस्टार्ट होतो. घरचा इन्व्हर्टर लावून चालेल?

चालणार नाही. घरगुती इन्व्हर्टर बॅटरीवर यायला जो क्षण घेतो तो पंख्याला जाणवत नाही, पॉवर सप्लायला जाणवू शकतो. ऑनलाइन यूपीएस घ्या, जो सतत बॅटरीच्या बाजूनेच वीज देतो. आठ डिस्कचा नॅस आणि १०जी स्विच मिळून दीडशे ते दोनशे वॉट धरा, पण सुरू होताना सगळ्या डिस्क एकदम फिरू लागल्या की तेवढीच भर क्षणभर आणखी पडते. १ केव्हीए पुरेसा आहे. एडिटची मशीन त्यावर लादू नका, त्यांना वेगळा द्या. स्विच मात्र नॅसच्याच यूपीएसवर हवा; नॅस जिवंत आणि स्विच मेलेला असला की एडिटरच्या बाजूने लिहिणं अर्धवटच तुटतं.

यूपीएसची यूएसबी वायर नॅसला जोडायला लोक विसरतात. ती जोडून बॅटरी पाच मिनिटं चालल्यावर व्यवस्थित शटडाउनचं सेटिंग करा, आणि एकदा खरोखर प्लग काढून ते होतंय का बघा. गुरुवारचं तर वेळापत्रकच लावता येतं. दर तीन वर्षांनी बॅटरी बदला. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थिंगमधला दाब मोजून घ्या, दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर अर्थिंग सुधारा.

उष्णतेबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. रात्री सगळे गेले की एसी बंद होतो आणि नॅस प्रॉक्सी नाहीतर बॅकअप करत बंद खोलीत तापत राहतो. एप्रिलमध्ये डिस्कचं तापमान ५० च्या पुढे गेलेलं सकाळच्या लॉगमध्येच दिसतं. ४५ ला इशारा लावा आणि खोलीला एक्झॉस्ट द्या.

दोन एडिटरांनी एकच प्रोजेक्ट उघडला आणि एकाचं दिवसभराचं काम गेलं. शिवाय काही क्लिप मॅकवर दिसतात, विंडोजवर ऑफलाइन होतात.

वेगवान स्टोरेजने प्रोजेक्ट शेअर होत नाही, फुटेज होतं. प्रोजेक्टची फाइल शेवटी ज्याने सेव्ह केली त्याची. प्रीमिअर वापरत असाल तर २०२० पासून त्यात प्रॉडक्शन्स ही सोय आहे, ती एका वेळी एकालाच लिहू देते, दुसऱ्याला कुलूप दाखवते. रिझॉल्व्ह या ग्रेडिंग सॉफ्टवेअरसाठी प्रोजेक्ट सर्व्हर मांडा, एखाद्या जुन्या मॅक मिनीवरही तो चालतो. त्याचा डेटाबेस नॅसच्या शेअरमध्ये ठेवू नका. मीडिया कॅश आणि रेंडर कॅश प्रत्येकाच्या स्थानिक एसएसडीवर. ती नॅसवर गेली की हजारो बारीक फाइली त्याच हेडना पळवत राहतात.

ऑफलाइन क्लिपची दोन कारणं. एक, पाथ : मॅकला शेअर व्हॉल्यूम म्हणून दिसतो, विंडोजला ड्राइव्हचं अक्षर म्हणून. सगळ्या विंडोज मशीनवर अक्षर एकच ठेवा आणि रिझॉल्व्हमध्ये पाथ मॅपिंग भरा. दुसरं कारण मराठी स्टुडिओंचं खास. फाइलींची नावं देवनागरीत असतील आणि त्यात ‘ऱ’ असेल, म्हणजे ‘दुसऱ्या दिवशी’, ‘पायऱ्या’, ‘म्हाताऱ्याचा क्लोज’, तर हे अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी लिहिलं जातं : एकसंध, किंवा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता असं फोडून. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस पद्धतीच्या डिस्कवर ते फोडूनच साठवलं जातं. पडद्यावर दोन्ही नावं तंतोतंत सारखी दिसतात, नॅसच्या लिनक्सला मात्र त्या दोन वेगळ्या फाइली वाटतात. मूळ कार्डावरची फाइलनावं तर बदलूच नका. फोल्डरना रोमन अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर एवढंच वापरा. मराठी वर्णन मेटाडेटाच्या कॉलममध्ये लिहा, तिथे काही बिघडत नाही.

लॉ कॉलेज रोडजवळ राहतो, माहितीपट करतो. तीस टीबी फुटेज सुट्या हार्ड डिस्कवर आहे. एलटीओवर (डेटा साठवायच्या टेपवर) उतरवणं एकट्या माणसाला झेपेल का?

काम झेपेल, ड्राइव्हची किंमत झेपणं अवघड. तीन-चार जणांनी मिळून ड्राइव्ह घेणं किंवा सेवा देणाऱ्याकडून टेप करून घेणं शहाणपणाचं.

एलटीओ-८ च्या एका टेपवर १२ टीबी मावतं, एलटीओ-९ वर १८. तुम्हाला पहिल्याच्या तीन, दुसऱ्याच्या दोन, आणि त्यांची दुसरी प्रत. डब्यावरचा अडीचपट आकडा कॉम्प्रेशनचा आहे, व्हिडिओला तो लागू नाही. हाफ हाइट ड्राइव्ह ३०० मेगाबाइटने लिहितो. म्हणून सुटी यूएसबी डिस्क थेट टेपला जोडू नका : ती शंभराच्या खाली गेली की ड्राइव्ह थांबतो, टेप मागे घेतो, पुन्हा सुरू होतो, आणि दोघांचीही झीज होते. आधी रेड किंवा एसएसडीवर उतरवा, मग टेपवर. एलटीओ-९ ची कोरी टेप पहिल्यांदा घातली की ड्राइव्ह तिचं कॅलिब्रेशन करतो, त्याला दोन तासांपर्यंत लागू शकतात. बिघडला असं समजून बटण दाबू नका.

टेपवर एलटीएफएस ही खुली पद्धत वापरा, म्हणजे दहा वर्षांनी कुठल्या एका सॉफ्टवेअरवर अडून राहावं लागणार नाही. कॉपी करताना चेकसम (फाइल जशीच्या तशी आली का ते सांगणारा आकडा) बनवा, एक्सएक्सहॅश किंवा एमडी५, आणि लिहून झाल्यावर टेपवरून वाचून पडताळा. चेकसमची यादी टेपवरही हवी आणि बाहेरही. ड्राइव्ह कुठल्या पिढीपर्यंत मागची टेप वाचतो तेही लक्षात ठेवा : एलटीओ-९ ला ८ ची टेप चालते, ७ ची नाही. २०२५ मध्ये आलेला एलटीओ-१० तर ९ चीही वाचत नाही.

टेपला १६ ते २५ अंश आणि २० ते ५० टक्के आर्द्रता लागते. पुण्याच्या पावसाळ्यात खोलीतली आर्द्रता ऐंशीच्या पुढे असते, तेव्हा कॅमेऱ्यासाठी मिळतं तसं ड्राय कॅबिनेट घ्या. दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा, शक्यतो दुसऱ्या गावात. तुमच्याच रस्त्यावर, प्रभातच्या जुन्या आवारात, जानेवारी २००३ मध्ये नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली होती. ज्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती ती रिळं परत आली नाहीत.

दोन टीबीचा कन्फर्म (एडिटप्रमाणे जुळवलेलं मूळ फुटेज) मुंबईला ग्रेडिंगसाठी पाठवायचा आहे. अपलोड करू की डिस्क?

डिस्क. १०० मेगाबिटच्या अपलोडला दोन टीबी म्हणजे ४४ तास, तेही लाइन एकदाही न तुटता. शिवनेरीने माणूस चार तासांत पोहोचतो. एक्सफॅट फॉरमॅट, सोबत चेकसमची यादी, ऑडिओ आणि रेफरन्स क्लिप त्याच डिस्कवर. एक्सएमएल (टाइमलाइनची नोंद असलेली फाइल) आणि रेफरन्स आदल्या रात्री मेलने पाठवा, म्हणजे डिस्क पोहोचेपर्यंत तिथला असिस्टंट टाइमलाइन जुळवून ठेवतो. तिकडून चेकसम जुळल्याचा निरोप येईपर्यंत इथली प्रत हलवू नका.